सुबक व नामनिर्देशित आकृती काढा

तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ऐकून माणूस जरा गोंधळतो. मी आकृत्या काढते. जीवशास्त्राच्या पुस्तकांतल्या. झुरळाची पचनसंस्था, जास्वंदाच्या फुलाचा उभा छेद, माणसाच्या कानाचे आतले भाग. 'सुबक व नामनिर्देशित आकृती काढा' हा प्रश्न तुम्ही कधी सोडवला असेल, तर ज्या पुस्तकातून ती आकृती पाठ केलीत त्यात ती कुणीतरी काढलेली होती. गेली सत्तावीस वर्षं त्या 'कुणीतरी'मध्ये मीही आहे. चित्रकार मैत्रिणी माझं काम बघून म्हणतात, "हे काय चित्र आहे?" आणि पुस्तकाचे प्राध्यापक लेखक माझ्या छटा बघून म्हणतात, "बाई, शेडिंग कमी करा. हे काय चित्र आहे?" वाक्य एकच.

तर जानेवारीत बडोद्याहून आत्याचा फोन आला. आत्या एकोणऐंशी वर्षांची. जन्म, शाळा, नोकरी, सगळं बडोद्यातच. दांडिया बाजारातल्या जुन्या घरात एकटी राहते. आयुष्यभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे फोनवरही ती मुद्दे घालून बोलते. एक, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून महिना झाला, छान दिसतंय. दोन, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी. तीन, त्याच्या आधी मला म्युझियम बघायचंय, तू ये.

"अगं, दुसराही डोळा होऊन जाऊ दे, मग निवांत जाऊ," मी म्हटलं.

"नंतर काय उपयोग?" म्हणाली आणि फोन ठेवला.

म्हणून शुक्रवारी रात्री पुण्याहून गाडीत बसले.

बडोद्याचं म्युझियम सयाजीबागेत आहे. आत्याच्या पिढीची मराठी माणसं अजून कमाटीबागच म्हणतात. बाग १८७९ची, विश्वामित्रीच्या काठावर. नदीच्या पुलावर आत्याने रिक्षा थांबवायला लावली, कारण मगरी. या नदीत ऐन शहराच्या मध्यात मगरी राहतात आणि हिवाळ्यात सकाळी उन्हाला येऊन पडतात. आम्हाला एक दिसली. म्हणजे आत्याला दिसली. मला बराच वेळ तो चिखलात रुतलेला ओंडका वाटत होता. मग ओंडक्याने तोंड उघडलं. "बघ, मोतीबिंदूवालीला आधी दिसली ने," आत्या म्हणाली. तिच्या बोलण्यात हा गुजराती 'ने' असा मधेच डोकावतो.

या संग्रहालयाची मूळ कल्पनाच मला फार आवडते. सयाजीराव महाराजांनी ते १८८७ साली स्थापन केलं आणि १८९४ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. इमारतीचा आराखडा मेजर मँट आणि रॉबर्ट चिझम यांचा. नमुना लंडनचा होता, आणि कलेच्या संग्रहालयाबरोबर विज्ञानाच्या संग्रहालयाचाही. त्या वेळी लंडनमध्येही हे दोन संग्रह साउथ केन्सिंग्टन म्युझियम या एकाच नावाखाली नांदत होते. पुढे तिथे वाटण्या झाल्या. कलेच्या घराला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट नाव मिळालं आणि १९०९ साली विज्ञानाने वेगळी चूल मांडली. बडोद्यात मात्र अजून एकत्र कुटुंब आहे. एकाच तिकिटात इजिप्तची ममी, तिबेटी कला, पेंढा भरलेले प्राणी, मुघल लघुचित्रं आणि देवमाशाचा सांगाडा. एकत्र कुटुंबात असतं तसंच, कोण कुणाच्या खोलीशेजारी का राहतं हे विचारायचं नाही.

मी हे बोलून दाखवलं तर आत्या म्हणाली, "महाराजांना तरी कुठे कुणी सांगितलं होतं, हे आर्ट आणि हे सायन्स म्हणून? कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोर. बाराव्या वर्षी इथे आणलं, तेव्हा अक्षर येत नव्हतं. ज्याने सगळंच एकदम शिकायला घेतलं, तो म्युझियमही तसंच बांधणार."

इतिहासकार तिचं म्हणणं कितपत मान्य करतील, कोण जाणे. पण १८७५ साली दत्तक घेतलेल्या त्या पोराने १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हेही खरंच आहे.

आत गेल्यावर आत्याने पर्समधून जाड काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा काढला. डोळा झाकायला. तिची योजना आत्ता कुठे माझ्या लक्षात आली. एकेका वस्तूसमोर उभं राहायचं, आधी डावा डोळा झाकून बघायचं, मग उजवा झाकून. "मागची दहाबारा वर्षं मी जे बघत होते ते या डाव्या डोळ्यासारखं होतं," ती म्हणाली. "मंगळवारी तोही जाईल. मग मला कधीच कळणार नाही की मी काय चुकीचं बघत होते. दोन्ही आहेत तोवर ताळा करून घ्यायचाय."

गणिताची बाई. ताळा केल्याशिवाय गणित सुटलं असं म्हणायचंच नाही.

तिला काय दिसत होतं ते थोडक्यात सांगते. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर नुसतं गढूळ होत नाही, पिवळटही होतं, आणि पिवळं भिंग निळा-जांभळा प्रकाश आत येऊ देत नाही. हे इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ताच लागत नाही. मेंदू आपल्या परीने हिशोब जुळवत राहतो आणि पांढऱ्याला पांढरंच म्हणतो. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात, आणि निळा रंग एका दिवसात परत येतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याचं उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३ साली झालं तेव्हा तो ब्याऐंशी वर्षांचा होता आणि नंतर कितीतरी दिवस रंगांवरून त्रासलेला होता. आत्या त्रासलेली मुळीच नव्हती. ती प्रयोग करत होती.

पक्ष्यांच्या कपाटांपाशी आम्ही खूप रेंगाळलो. पेंढा भरलेल्या पक्ष्यांत एक खंड्या होता. आत्याने पुठ्ठा या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेला, परत आणला, परत नेला.

"मला वाटायचं, जुना झाला म्हणून याचा रंग उडाला. हिरवट, मळकट दिसायचा. रंग माझाच उडालेला होता."

मग मी तिला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली. खंड्याच्या पाठीत निळा रंग नसतोच. पिसं कुटून भुकटी केलीत तर निळं काही हाती लागणार नाही. पिसाच्या आतली रचना इतकी बारीक असते की तिच्यावरून फक्त निळा प्रकाश उसळून परत येतो. रंगद्रव्य उडतं, रचना सहसा टिकते. म्हणून पिंजऱ्यातला, रानातला किंवा कपाटातला, खंड्या निळाच राहतो. मी एकदा पुस्तकासाठी खंड्या काढला होता तेव्हा हे समजून घ्यायला चार दिवस घातले. शेवटी पुस्तक एकरंगी छापलं, तो भाग सोडा.

आत्या त्या प्राण्यांच्या काचेच्या डोळ्यांकडे बघत होती. "यांचं बरं आहे. मोतीबिंदू नाही, काही नाही."

ममीपाशी आत्या थांबली नाही. सात वर्षांची असताना तिला तिथे थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या बाबांनी, एकटीला सोडून घाबरवलं होतं, आणि तो हिशोब तिने अजून मिटवलेला नाही. मी मात्र मिनिटभर उभी राहिले. मीठखारात शरीर सुकवून लिननच्या पट्ट्यांत गुंडाळायचं. मेंदू नाकातून काढून टाकायचा आणि हृदय मात्र जागच्या जागी ठेवायचं, कारण विचार हृदय करतं अशी समजूत. शरीरशास्त्राच्या दृष्टीने चुकलेली, पण किती नेटकी नामनिर्देशित आकृती.

चित्रांचं दालन हा निराळाच संसार आहे. ही इमारत १९०८ मध्ये बांधायला घेतली, १९१४ मध्ये पुरी झाली आणि उघडली १९२१ मध्ये, कारण मधे पहिलं महायुद्ध आलं आणि युरोपातून यायची चित्रं तिकडेच अडकली. ती निवडण्याचं काम महाराजांनी लंडनचे कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांना दिलं होतं. बडोद्याच्या माणसाला बडोद्यात उभं राहून युरोपची चित्रकला बघता यावी, एवढा साधा हेतू. सात वर्षं भिंती तयार, खिळे तयार, आणि चित्रं समुद्रापलीकडे. लग्नाचा मांडव घालून वऱ्हाडाची वाट बघावी तसं.

तिथे एका जुन्या स्त्रीचित्रासमोर आत्याने पुठ्ठा बऱ्याच वेळा इकडून तिकडे केला. मग म्हणाली, "दोन्ही डोळ्यांनी सारखंच पिवळं दिसतंय. माझा ताळा चुकतोय."

"चुकत नाही. चित्रच पिवळं आहे."

तैलचित्र पुरं झालं की त्यावर राळेचं व्हार्निश देत. रंग खुलायचे, जपलेही जायचे. पण व्हार्निश वर्षानुवर्षं पिवळत जातं. मूळचं निळं आकाश हिरवट होतं, पांढरी लेस सायीसारखी दिसायला लागते. बघणाऱ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या त्या तपकिरी झाकेलाच 'जुन्या उस्तादांचा रंग' म्हणत आल्या.

आत्याने माझ्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं. "म्हणजे या बाईलाही मोतीबिंदू झालाय."

मी मोठ्याने हसले, इतकी की दालनातल्या दोघातिघांनी वळून बघितलं.

"काढता येतो का?"

"येतो. कापसाच्या बोळ्यावर द्रावण घेऊन इंचइंच पुसून काढतात. तुझ्यासारखंच, वरचा थर काढून नवा बसवायचा."

"आणि मग चित्रकाराने काढलं होतं तेच दिसतं?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे काय? हो की नाही?"

ती चाळीस वर्षं मुलींना या स्वरात विचारत आली असणार. मी सांगितलं की यावरून तज्ज्ञांची जोरदार भांडणं होतात. काही चित्रकारांनी रंगाचा शेवटचा पातळ हात व्हार्निशमध्येच मिसळून दिलेला असतो. पुसताना तोही निघून गेला तर तो परत कोण देणार? आत्या गप्प झाली. मग म्हणाली, "डॉक्टरांना विचारायला हवं होतं, ते काढलेलं भिंग मिळेल का म्हणून." ते भिंग आतल्या आत फोडून शोषून घेतात, अख्खं बाहेर येत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. मंगळवार जवळ आला होता.

अकोट्याच्या कांस्यमूर्ती बघायच्या हा माझा हट्ट. अकोटा म्हणजे आज बडोद्याचाच एक भाग, जुनं नाव अंकोट्टक. तिथे जमिनीखाली अडुसष्ट जैन मूर्तींचा साठा सापडला आणि उमाकांत शाह यांनी त्यांचा सगळा अभ्यास केला. सर्वांत जुन्या मूर्ती पाचव्या-सहाव्या शतकातल्या. त्यांतले जीवंतस्वामी म्हणजे महावीर, पण दीक्षा घेण्यापूर्वीचे. मुकुट, दागिने, राजकुमाराचा थाट, आणि तरी उभं राहणं ध्यानस्थाचं. काही मूर्तींच्या डोळ्यांत चांदी जडवलेली आहे. आत्याने अर्थातच पुठ्ठा काढला. उजव्या डोळ्याने चांदी पांढरी. डाव्याने, "पितळेची".

मी वही काढून चामरधारिणीचा हात काढायला बसले. या ओतीव मूर्ती आधी मेणात घडतात. मेणावर माती लिंपायची, तापवून मेण वाहू द्यायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. म्हणजे ही बोटं मुळात मेणाची होती, कुणाच्या तरी अंगठ्याने दाबलेली. शरीरशास्त्र लावून बघायला गेलं तर त्या हातात एकही हाड जागेवर नाही. मनगट केळीच्या कोंबासारखं वळतं. आमच्या पुस्तकात असा हात दिला तर दुसऱ्या दिवशी परत येईल. पण वजन पेलणारा हात असाच दिसतो हेही खरं. मी दोन प्रयत्न केले. पहिल्यात हाडं आली, हात आला नाही. दुसऱ्यात सवयीप्रमाणे प्रकाश वरून डावीकडून घेतला, कारण शास्त्रीय आकृत्यांचा तसा जगभरचा रिवाज आहे. मग मूर्तीकडे बघितलं तर उजेड उजवीकडून पडला होता. इतक्या वर्षांत मी समोरच्या वस्तूवरचा उजेड कधी बघितलाच नव्हता, असं नाही म्हणत. पण त्या दिवशी खोडरबर घेऊन सगळ्या छटा उलट्या कराव्या लागल्या.

देवमासा शेवटी ठेवला होता. आत्याचं तसंच असतं, लाडू शेवटी.

बहात्तर फूट. निळा देवमासा याहूनही मोठा होऊ शकतो. १९४४ साली तो मही नदीच्या मुखात येऊन अडकला आणि त्याचा सांगाडा बडोद्याला आला. त्या सुमारास संग्रहालयाची सूत्रं हर्मान गोएट्झ या जर्मन कलाइतिहासकाराकडे होती. हयात मुघल चित्रांत घालवलेला माणूस, आणि एक दिवस त्याच्या दारात बहात्तर फुटी मासा. देवमाशाची हाडं तेलाने भरलेली असतात आणि साफ केल्यावरही वर्षानुवर्षं तेल पाझरत राहतं. लघुचित्रं सांभाळणाऱ्या घरात असा पाहुणा! वेगळी चूल मांडलेल्या घरात हा प्रसंग आलाच नसता.

मी वही उघडली आणि मिटली. आडव्या पानावर सांगाडा बसवला तर कवटी अंगठ्याएवढी होते आणि कवटी नीट काढायची तर शेपटी पुण्यापर्यंत जाते. मग फक्त डोळ्याची खोबण काढली. एवढ्या अवाढव्य डोक्यात ती अगदी खाली, जबड्याच्या कोपऱ्याशी. जिवंतपणी तिथे पपनसाएवढा डोळा असतो.

आत्या बाजूला उभी होती. "याला काय दिसत असेल?"

आणि मला आठवलं. सत्तावीस वर्षांत शंभर वेळा डोळ्याच्या पडद्याची आकृती काढली, त्यामुळे हे कुठेतरी वाचून ठेवलेलं होतं. आपल्या डोळ्याच्या पडद्यात रंग टिपणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. देवमाशांच्या कुळात त्यांतल्या निळा टिपणाऱ्या पेशी कधीच्याच लोपल्या. निळा देवमासा निळ्या समुद्रात जन्म काढतो आणि त्याला निळा रंग म्हणून दिसत नाही.

आत्याने पुठ्ठा उजव्या डोळ्यावर धरला आणि डाव्या, जुन्या डोळ्याने त्या सांगाड्याकडे बघत राहिली. खूप वेळ. शाळेची एक सहल आली, पोरं 'डायनासोर, डायनासोर' ओरडत गेली, त्यांच्या बाईंनी 'मासा नाही, सस्तन प्राणी' असं दोनदा सांगितलं आणि त्याही गेल्या. आत्या तिथेच.

"म्हणजे बारा वर्षं मी याच्यासारखं बघत होते," शेवटी म्हणाली. "वाईट काही नव्हतं तसं."

बाहेर येऊन आम्ही सेवउसळ खाल्ली. डॉक्टरांनी तिखट वर्ज्य केलंय का, हे मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

संध्याकाळी घरी तिने टेबलावर पांढरा धुतलेला रुमाल पसरला. "तुझ्या रंगीत पेन्सिली काढ. या डोळ्याला हा रुमाल कसा दिसतो ते मी सांगते, तू काढ."

मी दोन वर्तुळं आखली. उजवं कोरं ठेवलं, कागद पांढराच होता. डाव्यात फिकट पिवळा भरला. आत्याने एक डोळा झाकून रुमालाकडे बघितलं, मग दुसरा झाकून माझ्या कागदाकडे. "अजून पिवळा." मी गेरूचा हात दिला. "अजून. चहा सांडून सुकल्यासारखा." मी थोडा तपकिरी घातला. "आता जास्त झाला." खोडरबर. पुन्हा. असं नऊ-दहा वेळा झालं असेल. अंधार पडला तेव्हा तिने बत्ती लावली आणि बत्तीत सगळं पुन्हा बदललं, म्हणून ते तसंच ठेवून आम्ही रविवारी सकाळी खिडकीशी बसून पुरं केलं.

"झालं. हेच," आत्या म्हणाली.

मी पट्टी घेऊन दोन्ही वर्तुळांपासून आडव्या रेघा काढल्या, एकमेकींना न छेदणाऱ्या, टोकाला बाण नसलेल्या. एकीपुढे लिहिलं 'उजवा डोळा', दुसरीपुढे 'डावा डोळा'. आत्याने कागद हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला.

"तारीख घाल," म्हणाली.